बाहेरची कडी

मालिकेचा पहिला भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कानाला हेडफोन लावला, आणि पहिल्याच बाईंनी मला सांगितलं की त्या खोलीतला टेबलफॅन त्या काळातला नाही.

"आमच्याकडे होता ना तसा," त्या म्हणाल्या. "पण तो पुष्कळ नंतर आला. एवढा खर्च करता आणि पंखा चुकीचा?"

ज्या प्रसंगात तो पंखा होता, त्याच प्रसंगात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी स्टुलावर बसली होती आणि तिच्या समोरच्या आरशात एक दार बंद होताना दिसत होतं. बाईंनी पंखा बघितला. मी म्हटलं, "कळवल्याबद्दल आभारी आहोत," आणि पुढचा फोन घेतला. पुढचे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना नटाचा विग खटकला होता. त्यांच्यानंतर एका आजोबांनी माझी, माझ्या चॅनेलची आणि माझ्या अख्ख्या पिढीची खरडपट्टी काढली. मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडताना लाज कशी वाटत नाही, त्या माणसाने मुलांसाठी किती केलं, तुम्ही आयुष्यात काय केलंत? मी आयुष्यात काय केलं हे सांगायची आम्हाला परवानगी नाही. आभार मानायची आहे. फोन आपण आधी ठेवायचीही परवानगी नाही, समोरचा ठेवेपर्यंत ऐकायचं.

मी ज्या चॅनेलच्या प्रेक्षक कक्षात फोन घेते, त्याच चॅनेलवर खाऊमामा मोठा झाला. मी त्याला अरेतुरे करते. बाकी सगळे अजूनही अहोजाहो करतात, शिव्या देतानासुद्धा. दर रविवारी सकाळी तो रंगीत कोट घालून यायचा, खिशातून गोळ्या काढून मुलांना वाटायचा आणि एक गाणं म्हणायचा. ते गाणं माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून म्हणायला सांगा, म्हणेल. गाणारी, नाचणारी मुलं निवडून कार्यक्रमात आणायचे. त्यातल्या काही मुलींना तो शाबासकी द्यायला नंतर आपल्या मेकअपरूममध्ये बोलवायचा. ही शाबासकी काय होती ते तो मेल्यावर बाहेर आलं. आधी एक बाई बोलली, मग दुसरी, मग थांबेचना. तोवर त्याच्या नावाचा एक रस्ता आणि लहान मुलांच्या दवाखान्यात एक वॉर्ड झाला होता.

मग चॅनेलने काय केलं, तर त्याच्यावर मालिका काढली. इतकी वर्षं त्याला विकला, आता त्याचं पाप विकतायत, असं मी चहाच्या वेळी म्हटलं. आमच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे फार धाडसाचं काम आहे, सगळीकडे कौतुक होतंय, तेव्हा मी शब्द जरा जपून वापरावेत. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. त्या कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आम्ही बसतो ती जुन्या इमारतीतली मेकअपरूमची रांग. बाकी सगळे नव्या इमारतीत गेले आणि या खोल्या ज्यांचं तोंड प्रेक्षकांना दिसत नाही त्यांच्या वाट्याला आल्या. भिंतीवरचे लांबच लांब आरसे तसेच आहेत. भोवतीचे बल्ब काढलेत, होल्डर राहिलेत. आरशासमोरच्या फळीवर आमचे संगणक आहेत. दिवसभर आपलंच तोंड बघत लोकांच्या शिव्या खायच्या. शेजारी काका बसतात, ते मला एकदा बाजूला दिसतात आणि एकदा आरशात.

काकांना सगळे काकाच म्हणतात, मॅडमसुद्धा. विशीत इथे लागले, स्टुडिओत सामान उचलण्यापासून सुरुवात केली, पडेल ते काम केलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर फोनवर आले. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. चिडलेला प्रेक्षक काकांकडे दिला की दोन मिनिटांत निवळायचा. ऑफिसातल्या झाडून सगळ्या बायकांना ते राणीसरकार म्हणायचे. "चला राणीसरकार, चहा गार होतोय." सुरुवातीला मला ते डोक्यात जायचं. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर नंतर बरंच वाटायला लागलं. घरी मला असं कोण म्हणतंय?

मालिका सुरू व्हायच्या आधी मॅडमनी आम्हाला एक वाक्य दिलं होतं. इतकी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, "त्या काळी कुणालाच कल्पना नव्हती. आम्हालाही तितकाच धक्का बसला आहे." वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणायचा. काका ते इतकं मनापासून म्हणायचे की मॅडमनी त्यांच्या एका फोनचं रेकॉर्डिंग आम्हा सगळ्यांना नमुना म्हणून ऐकवलं. आमचे सगळेच फोन रेकॉर्ड होतात.

आणि प्रत्येक फोन संपला की पडद्यावर चार बटणं येतात. स्तुती, तक्रार, चूक, मदत. स्तुती वर मोठ्या साहेबांकडे जाते. तक्रार कुठे जाते ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मदत दाबलं की समोरच्या माणसाला आपोआप एका समुपदेशन केंद्राचा नंबर जातो आणि तो फोन मिटतो, पुन्हा कुणी ऐकत नाही. चूक मात्र थेट मालिका बनवणाऱ्यांच्या हातात पडते. ती ते त्याच दिवशी वाचतात, कारण दिग्दर्शकाला पंख्याचं फार लागतं.

तिसऱ्या भागानंतर त्या बाईचा फोन आला.

"मला चूक सांगायचीय." आवाज कोरडा होता, घाई नव्हती.

"सांगा ना."

"दाराची कडी. कालच्या भागात तो खोलीत येतो आणि आतून कडी लावतो. तसं नव्हतं. कडी बाहेरून होती."

मी टाइप करत होते. आली आणखी एक पंखेवाली, असं मनात म्हणत होते. "कळवल्याबद्दल आभारी..."

"आतून कडीच नव्हती त्या दाराला," ती म्हणाली. "मी शोधली होती."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. समोर आरशात माझं तोंड होतं आणि मला ते बघवेना, म्हणून मी खाली फळीकडे बघितलं.

"तो माझ्याबरोबर आत असायचा," ती म्हणाली. "आणि कडी बाहेरून लागायची. मग लावायचं कोण?"

अशा फोनला काय बोलायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे. तुम्ही एकट्या नाही, तुमच्या धैर्याचं कौतुक वाटतं, असं काहीबाही. ते माझ्या तोंडातून निघेना. "तुम्हाला काय करून हवंय?" मी विचारलं.

"काही करून नकोय. मालिकेत असं चाललंय की एक राक्षस होता, तो एकटाच होता, तो मेला. संपलं. तो एकटा नव्हता, बाई. दाराबाहेर कुणीतरी होतं. तेवढं नीट दाखवा. अजून भाग आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. "मी पोहोचवते."

तिने फोन ठेवला. पडद्यावर चार बटणं आली. नियमाने मदत दाबायला हवं होतं. पण मदत दाबलं की ते मिटणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी चूक दाबलं आणि खाली लिहिलं, 'दाराची कडी आतून नव्हती, बाहेरून होती. प्रेक्षक तिथे स्वतः होत्या.' मला वाटलं, मी फार हुशारी केली.

मग मी उठले आणि आमच्या खोलीबाहेर जाऊन आमचंच दार बघितलं. जाड लाकडी दार, कित्येकदा रंगवलेलं. हात खांद्यापर्यंत नेला तर बरोबर तिथे, दारावर आणि शेजारच्या चौकटीवर, रंगाखाली बुजवलेली भोकं लागली. नख घातलं तर आतला भुसा निघाला. आतल्या बाजूला बोट फिरवून बघितलं. लाकूड गुळगुळीत होतं.

"काय शोधताय, राणीसरकार?" काका चहा घेऊन येत होते.

"काका, या दारांना बाहेरून कड्या होत्या का हो?"

काकांनी चहावर फुंकर घातली. "छे. कुलपं असायची."

"आणि आतून?"

"आतून कडी. बघितली नाहीत का मालिकेत?" ते आत जाऊन बसले, हेडफोन लावला आणि कुणालातरी म्हणाले, "त्या काळी कुणालाच कल्पना नव्हती, ताई." आवाज शेवटी खाली आणला.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. म्हातारा माणूस, विसरला असेल, एवढंच वाटलं.

चौथा भाग मी आईबरोबर बघितला. आई माझ्याकडे राहते आणि टीव्हीसमोर कपड्यांच्या घड्या घालते. जाहिराती लागल्यावर ती म्हणाली, "सगळंच खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या पोरींच्या आया कुठे उलथल्या होत्या?"

"बाहेर बसल्या होत्या, आई. तुझ्यासारख्याच. मुलगी टीव्हीवर दिसणार म्हणून नटूनथटून."

"माझ्यावर कशाला घसरतेस? तुझा नंबर लागला नव्हता."

"माझा आवाज फुटका होता म्हणून वाचले. तुझी अक्कल नव्हती त्यात."

मी उगाच बोलले असं मला वाटलं, पण माघार घ्यावीशी वाटली नाही, कारण दिवसभर मी आभार मानून आले होते. थोड्या वेळाने आई घड्या घालता घालता गुणगुणायला लागली. तेच गाणं. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आई, बंद कर ते."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड एकदम लहान झालं. "तू याच्याशिवाय घास घ्यायची नाहीस," ती म्हणाली. "तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता मी ते कुठे टाकू?"

मी टॉवेल घेतला आणि घडी घालायला लागले.

पाचव्या भागात कडी आतूनच होती. वर कडीचा जवळून शॉट. दुसऱ्या दिवशी त्या बाईचा पुन्हा फोन आला. तिने लगेच माझा आवाज ओळखला.

"मला कप आलाय," ती म्हणाली.

"कसला कप?"

"चहाचा, मोठा. एका बाजूला 'चोखंदळ प्रेक्षक' लिहिलंय. दुसऱ्या बाजूला तो नट आहे, रंगीत कोटात, गोळ्या पुढे केलेला. सोबत कार्ड. आपल्या बारीक नजरेचं आम्हाला कौतुक वाटतं, असेच बघत राहा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंखेवाल्या बाईंना कप गेला असणार, विगवाल्या प्राध्यापकांना गेला असणार, आणि त्याच गठ्ठ्यातून एक हिला. खाली मी काय लिहिलंय ते कुणीतरी वाचलं होतं. 'प्रेक्षक तिथे स्वतः होत्या' हे वाचलं होतं, आणि पत्ता काढून कप पाठवला होता. आणि तिला त्या गठ्ठ्यात मी घातलं होतं, माझ्या हुशारीने.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला? मुलगा म्हणाला, मी यात पेन्सिली ठेवतो. मी फोडला तो. मग त्याला कळेना आईला झालं काय." ती जराशी हसली. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगते, लिहून घेऊ नका. बाहेर जो असायचा ना, त्याचा चेहरा मला आठवत नाही. तरुण होता. कडी काढायचा आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचा. म्हणायचा, चला राणीसरकार, आई वाट बघतेय."

आरशात काका चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट मोडून आत पडलं आणि ते चमचा शोधायला लागले.

"ऐकताय ना?" ती म्हणाली.

"ऐकतेय," मी म्हटलं.

फोन संपल्यावर मी तडक मॅडमकडे गेले. कपाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, खरंच वाईट वाटलं त्यांना. मग म्हणाल्या, "पण ही सेटची चूक असूच शकत नाही. त्या खोलीचं सगळं काकांनी सांगितलंय. दिग्दर्शक तीन दिवस त्यांच्याजवळ बसला होता. आरशाची चौकट, गोळ्यांचा डबा, कोट अडकवायची खुंटी, सगळं त्यांच्या आठवणीतून."

"आणि कडी?"

"कडीसुद्धा. काकांनी कागदावर काढून दाखवली."

म्हणजे विसरले नव्हते. डब्याचा रंग आठवत होता, खुंटी आठवत होती. एक कडी तेवढी त्यांनी उचलली आणि दाराच्या आत नेऊन लावली, आणि अख्ख्या देशाने ती बघितली. मी मॅडमना सगळं सांगितलं. भोकांचं, पाण्याच्या ग्लासाचं, राणीसरकारचं. मॅडम उठल्या आणि त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय म्हणताय?" त्या हळूच म्हणाल्या. "कडी आतून असली तर तो. कडी बाहेरून असली तर आपण. वकिलांनी एकेक भाग तपासलाय."

"मग?"

"मग त्या बाईंना समुपदेशनाचा नंबर द्या. त्यांना खरंच गरज आहे. आणि ते 'चूक' काढून 'मदत' करा."

"आणि काका?"

"काकांचा निरोपसमारंभ आहे हो पुढच्या महिन्यात," मॅडम म्हणाल्या. "आयुष्यात कुणाला कधी वाकडं बोलले नाहीत."

मी तिथून बाहेर पडले. मला खाऊमामाचा राग येत होताच, तो सगळ्यांनाच येत होता, आता तो फुकट होता. मला राग येत होता तो त्या फुंकर घातलेल्या चहाचा. विगवाल्या प्राध्यापकांचा. धाडस म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांचा, आणि मला राणीसरकार म्हटल्यावर बरं वाटायचं त्याचा. खोलीत जाऊन काकांची कॉलर धरावी असं वाटलं. शब्दसुद्धा जिभेवर तयार होते. पण तो जाब विचारायचा हक्क माझा नव्हता. तिचा होता. मी 'चूक' तसंच ठेवलं आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी पुढे केलेला चहा घेतला नाही. "पित्त झालंय का, राणीसरकार?" त्यांनी विचारलं.

शेवटचा भाग संपला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इतक्या मुली, इतकी वर्षं. आणि त्याखाली, 'त्या काळी कुणालाच कल्पना नव्हती.' आमचंच वाक्य. आई म्हणाली, "बघ, खरंच कुणाला माहीत नव्हतं बिचाऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्तुती. ढसाढसा रडलो, नटाला पुरस्कार मिळायलाच हवा, चॅनेलच्या हिमतीला सलाम. मी स्तुती, स्तुती, स्तुती दाबत होते. मग तिचा फोन आला.

"शेवटची पाटी वाचलीत?" तिने विचारलं.

"वाचली."

"ठीक आहे. एवढंच विचारायला केला होता."

"थांबा," मी म्हटलं. मी आवाज खाली आणला, वाक्यासाठी नव्हे, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "पाणी देणारा माणूस इथे आहे. अजून कामावर आहे. फोन घेतो."

मला वाटलं, मी पुन्हा घाण केली.

"किती लांब आहे तुमच्यापासून?"

"हात केला तर लागेल."

"अजून तसंच म्हणतो?"

"आम्हा सगळ्यांना."

तिने श्वास घेतला, तो मला ऐकू आला. "मला त्याला एकच विचारायचंय. द्या."

"मी लाइनवर राहू की जाऊ?"

"राहा. कुणीतरी असू दे."

मी काकांच्या खांद्याला बोट लावलं. "काका, तुमच्यासाठी."

"द्या की. चिडलेत का?"

"नाही," मी म्हटलं, आणि फोन तिकडे वळवला.

"नमस्कार, प्रेक्षक कक्ष. बोला ताई."

"कडी लावून झाल्यावर," ती म्हणाली, "ती परत काढेपर्यंत तुम्ही काय करायचात?"

काका हसतमुखच होते. "कसली कडी, ताई?"

"मेकअपरूमची. बाहेरची. लावल्यापासून काढेपर्यंत वेळ जायचा ना? तेवढा वेळ तुम्ही काय करायचात?"

"ताई, त्या काळी कुणालाच कल्पना..." आवाज सवयीने खाली आला आणि तिथेच राहिला.

ती म्हणाली, "मी पिवळ्या फ्रॉकमध्ये होते. तुम्ही मला पाणी दिलंत. राणीसरकार म्हणालात."

काकांनी वर बघितलं. आरशात मी त्यांच्याकडेच बघत होते, कानाला माझाही हेडफोन होता. त्यांना सगळं कळलं. त्यांचा अंगठा फोन तोडायच्या बटणाजवळ गेला. मी तो अंगठा बघत होते. पण फोन आपण आधी ठेवायचा नाही, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की अंगठा खाली गेलाच नाही.

"स्पीकर होता," काका म्हणाले. "बाहेर पॅसेजमध्ये. कार्यक्रमाचं गाणं लागलेलं असायचं त्याच्यावर."

"मग?"

"मी आवाज वाढवायचो."

मी हातातलं पेन इतकं दाबलं होतं की ते वाकलं.

"म्हणजे बाहेर ऐकू यायचं," ती म्हणाली.

काकांची नजर आरशावरून खाली फळीवर गेली.

"मला इतकी वर्षं वाटत होतं की ऐकू जात नसेल. मी पुरेशी ओरडले नसेन. ऐकू यायचं म्हणून वाढवायचात."

"मला सांगितलं होतं," काका म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता. "मामांना शांतता लागते म्हणाले, कुणाला आत सोडू नकोस म्हणाले. मी नवीन होतो, ताई."

"मीही नवीन होते," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

काकांनी हेडफोन काढून फळीवर ठेवला. एकदा डाव्या हाताने ठेवला, मग उचलून उजवीकडे ठेवला. माझ्या पडद्यावर चार बटणं आली होती. मी चूक दाबलं आणि खाली लिहिलं, 'कडी बाहेरून होती. लावणाऱ्याने स्वतः सांगितलं. रेकॉर्डिंग सोबत आहे.' ती नोंद दिग्दर्शकाकडे गेली. कप पाठवतील, नाहीतर वकील पाठवतील. काय पाठवायचं ते पाठवू देत.

"राणीसरकार," काका म्हणाले.

"यापुढे मला तसं म्हणायचं नाही."

"जरा पाणी देता?"

पाण्याची बाटली माझ्या बाजूला होती. काकांचे गुडघे दुखतात, उठायला त्यांना वेळ लागतो, आणि एरवी मी न मागता देते. मी बाटलीकडे बघितलं आणि ती होती तिथेच राहू दिली. मला त्यांची दया येत नव्हती असं नाही. येत होती, आणि त्यामुळे राग वाढत होता.

पुढचा फोन वाजला. मी घेतला. कुणी तरुण मुलगा होता, भला वाटला, आवाज भरून आलेला. काल बघितल्यापासून झोप नाही म्हणाला. "मला एकच कळत नाही," तो म्हणाला. "एवढी माणसं होती तिथे. इतक्या वर्षांत कुणालाच कसं कळलं नाही?"

मॅडमचं वाक्य माझ्यासमोर पडद्याच्या कडेला चिकटवलेलं होतं.

"कळलं होतं," मी म्हटलं. "माझ्या शेजारीच बसलेत. थांबा, त्यांना देते."